मौसम, मेघदूत आणि दामिनी : हवामानाच्या तीन अ‍ॅपचे सायकलस्वाराच्या अंगाने परीक्षण

भारतीय हवामानशास्त्र विभागाची ‘मौसम’ आणि ‘मेघदूत’ ही अ‍ॅप आणि पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे अ‍ॅप मी मुख्यतः सायकल चालवण्यासाठी वापरतो, आणि हे परीक्षणही त्याच अंगाने लिहिले आहे. तिन्ही मोफत आहेत. शेतकरी, जिल्हा प्रशासन आणि सर्वसामान्य नागरिक यांना डोळ्यांपुढे ठेवून ती तयार झाली असल्यामुळे सायकलस्वाराला त्यांतून आपल्या कामाचे तेवढे वेचून घ्यावे लागते. ते कसे वेचायचे हे एकदा उमगले, तर महाराष्ट्रासारख्या राज्यात, जिथे एका दिवसाच्या राइडमध्ये कोरडे पठार, मुसळधार घाटमाथा आणि दमट किनारपट्टी असे तिन्ही पट्टे लागू शकतात, याहून उपयोगी साधन आपल्याकडे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वांत आधी इशाऱ्याच्या तक्त्यातल्या दिवसाच्या रकान्याविषयी सांगायला हवे, कारण बहुतेकांचा घोटाळा तिथेच होतो. हवामान विभागाचा दिवस मध्यरात्री सुरू होत नाही. तो सकाळी ८.३० ला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी सकाळी ८.३० ला संपतो. चोवीस तासांचा पाऊस याच हिशेबाने मोजला जातो आणि जिल्हावार इशाऱ्याचे रकानेही याच हिशेबाने आखलेले असतात. आपल्याकडे राइड निघते ती पहाटे ५ किंवा ५.३० ला. म्हणजे रविवारी पहाटे निघून साडेआठपर्यंत घाट चढून जाणाऱ्या माणसाचा जातानाचा सगळा प्रवास शनिवारच्या रकान्यात मोडतो आणि परतीचा उतार रविवारच्या रकान्यात. शनिवारी ऑरेंज आणि रविवारी यलो असे दिसत असेल, तर ‘उद्या जोर कमी आहे’ असा निष्कर्ष काढून पहाटे बाहेर पडणारा गट प्रत्यक्षात ऑरेंज इशाऱ्याच्या मुदतीतच सायकल चालवत असतो. ही बाब अ‍ॅपच्या पहिल्याच पडद्यावर ठळकपणे लिहायला हवी, असे मला मनापासून वाटते.

रंगांमागचे आकडेही पाठ असलेले बरे. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार पाऊस, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति जोरदार आणि त्यापुढे अत्यंत जोरदार. अंदाजात ‘तुरळक ठिकाणी’ असे शब्द असतील, तर जिल्ह्यातील जास्तीत जास्त पाव भागातल्या केंद्रांवर तसा पाऊस अपेक्षित असतो. हा पाव भाग कुठला, हे मात्र आपण आपल्या भूगोलावरून ओळखायचे असते, आणि सह्याद्रीच्या परिसरात ते ओळखणे अवघड नाही.

पुण्याहून पौड, मुळशीमार्गे ताम्हिणी उतरून माणगावला जाणारा रस्ता या बाबतीत फार बोलका आहे. विभागाच्या तक्त्यात या एका रस्त्यासाठी तीन वेगवेगळ्या ओळी पाहाव्या लागतात : पुणे, पुण्याचा घाट विभाग आणि रायगड. घाट विभागासाठी स्वतंत्र इशारा देण्याची पद्धत पुणे, सातारा, कोल्हापूर आणि नाशिक या जिल्ह्यांसाठी आहे आणि या सेवेतली ती सर्वांत मोलाची गोष्ट आहे. २५ जुलै २०२४ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत शिवाजीनगरला ११४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्याच वेळी ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर. पुणेकरांच्या दृष्टीने शिवाजीनगरचा आकडाही मोठाच होता. पण घाटातला पाऊस त्याच्या जवळजवळ पाचपट होता. जिल्ह्याची एकच ओळ वाचून घाटात शिरणे का धोक्याचे आहे, हे त्या दोन आकड्यांवरून कळते. मूळ कारण सर्वांना ठाऊक आहे : अरबी समुद्रावरून येणारी ओली हवा डोंगराला अडून वर चढते, थंड होते आणि माथ्यावरच रिकामी होते. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पसरणीचा घाट उतरून वाईत आले की माणूस पर्जन्यछायेत असतो. सायकलने हे अंतर एका सकाळचे आहे.

याच पावसाबाबत रडारच्या चित्रावर किती विसंबायचे, याला मर्यादा आहे. मुंबई, गोवा, नागपूर येथील डॉप्लर रडारची चित्रे संकेतस्थळावर पाहायला मिळतात आणि उन्हाळ्यातले उंच, गडगडणारे ढग त्यांत सुरेख दिसतात. रडारचा झोत मात्र जसजसा दूर जातो तसतसा जमिनीपासून उंच होत जातो, मध्ये डोंगर आडवे येतात, आणि घाटमाथ्यावरचे पावसाळी ढग तर मुळातच बुटके असतात. त्यामुळे चित्र कोरे दिसत असताना वर संततधार लागलेली असू शकते. जुलै-ऑगस्टमध्ये घाटासाठी इशाऱ्याचा तक्ता पाहावा आणि एप्रिल-मेमध्ये पठारासाठी रडार, असा माझा ठोकताळा आहे.

पाऊस किती पडेल हे अंदाजात असते. रस्त्याचे काय होईल हे नसते. पहिल्या सरीत डांबरावरचे तेल आणि धूळ यांचा पातळ राप तयार होतो, घाटातल्या सावलीच्या वळणांवर शेवाळ धरते आणि कोकणात तांबडी माती रस्त्यावर वाहून येते. रिम ब्रेक (चाकाच्या धातूच्या कडेवर, म्हणजे रिमवर, दाबले जाणारे) असलेल्या सायकलचे पॅड आधी रिमवरचे पाणी पुसून काढतात आणि मगच धरायला लागतात, तोवर उतारावर बरेच अंतर कापले गेलेले असते. म्हणून ओल्या उतारावर वळण येण्याच्या बरेच आधी ब्रेक हलकेच लावून रिम कोरडी करत राहावी लागते. डिस्क ब्रेकला हा त्रास कमी, पण त्यालाही टायरची पकड हवीच.

आता उष्णतेकडे वळतो, कारण या विषयात प्रांताप्रांतांतला फरक सर्वांत जास्त जाणवतो आणि ‘मौसम’ मधला तापमानाचा एकटा आकडा इथेच सर्वांत अपुरा पडतो. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश, किनारपट्टीवर ३७ आणि डोंगराळ भागात ३० असल्याशिवाय विभाग उष्णतेच्या लाटेचा विचार करत नाही. त्यानंतर सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा अधिक वाढ असेल तर लाट जाहीर होते. किनारपट्टीची मर्यादा खाली ठेवण्यामागे शास्त्र आहे. उष्णता निर्देशांकाच्या (तापमान आणि आर्द्रता मिळून शरीराला किती गरम जाणवते, त्या आकड्याच्या) नेहमीच्या सूत्रात मुंबईचे ३४ अंश आणि ६० टक्के आर्द्रता घातली, तर उत्तर येते सुमारे ४२. नागपूरचे ४३ अंश आणि १५ टक्के आर्द्रता घातली, तरी उत्तर जवळपास तेच येते. म्हणजे अ‍ॅपमध्ये नऊ अंशांचा फरक दिसत असताना शरीरावरचा ताण त्या सूत्राप्रमाणे सारखाच ठरतो.

सायकलवर बसल्यावर मात्र हे दोन उन्हाळे अगदी वेगळ्या तऱ्हेने त्रास देतात. विदर्भात घाम येतो तेव्हाच वाळतो. जर्सी कोरडी राहते, पाठीवर आणि हेल्मेटच्या पट्ट्यावर मिठाचे पांढरे ओघळ उमटतात, आणि अंगातले पाणी किती गेले हे कळायच्या आत डोके जड होते. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जाणे नवलाचे नाही. तिथे सुटलेला वारा थंडावा देत नाही, कारण हवाच त्वचेपेक्षा गरम असते. कोकणात उलट होते : घाम वाळत नाही, तो हातमोज्यांतून हँडलवर टपकतो, आणि सायकल चालती असेपर्यंत थोडे बरे वाटते. घाटात वेग ताशी सात-आठ किलोमीटरवर आला की तो वाराही बंद होतो आणि उकाडा एकदम अंगावर येतो. म्हणून किनारपट्टीवर चढ सकाळी लवकर उरकणे महत्त्वाचे, तर विदर्भात पाण्याचे थांबे घड्याळ लावून घेणे महत्त्वाचे. नुसते पाणी पीत राहण्यापेक्षा मीठ-साखर-लिंबाचे सरबत किंवा ओआरएस दोन्हीकडे हवेच.

अंदाजातले तापमान सावलीतले असते, हेही ध्यानात ठेवायला हवे. ते पांढऱ्या, झडपांच्या, हवा खेळती असलेल्या पेटीत, माणसाच्या छातीच्या आसपासच्या उंचीवर मोजतात. दुपारच्या डांबरावर ऊन वरून आणि खालून अशा दोन्ही बाजूंनी लागते. पहाटे २५ अंशांत ८० पीएसआय हवा भरलेले टायर ४५ अंशांपर्यंत तापले, तर दाब साधारण सहा पीएसआयने वाढतो. वैशाखात हवा भरताना तेवढी जागा ठेवलेली बरी. ब्रेव्हे (ठरावीक मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) करणाऱ्यांना दुपार टाळता येत नाही, कारण ३०० किलोमीटरसाठी २० तासांची मुदत असते आणि त्यात एक दुपार येतेच. त्यांच्यासाठी ‘मेघदूत’ जास्त कामाचे आहे. ते शेतकऱ्यांसाठी असल्याने त्यात तापमानाबरोबर आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि दिशा हे सारे पुढच्या काही दिवसांसाठी मिळते, आणि मंगळवार-शुक्रवारचा कृषी सल्ला मराठीत असतो. फवारणी करू नये असा सल्ला वाऱ्यामुळे दिलेला असेल, तर सायकलस्वारानेही तो आपल्यासाठीच आहे असे समजावे.

वाऱ्याचा हिशेब आपल्याकडे फार कमी लोक करतात, याची मला खंत वाटते. समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा असताना ताशी २० नेच पुढे जायचे म्हटले, तर हवेचा रोध निवांत हवेतल्या रोधाच्या चौपट होतो. सातारा जिल्ह्यात चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. पावसाळ्यात पश्चिमेकडून येणारा वारा तिथे सायकल आडवी करू पाहतो. अंदाजातला वारा दहा मीटर उंचीवरचा असतो, त्यामुळे झाडीतल्या रस्त्यावर तो कमी लागतो आणि उघड्या पठारावर जवळजवळ पूर्ण लागतो. जाताना वारा पाठीशी असेल, तर परतीच्या वेळेत भरपूर वाढ धरून निघावे.

‘दामिनी’ विषयी मी हात राखून लिहिणार नाही : वळिवाच्या दिवसांत मराठवाड्यात किंवा सोलापूरकडे सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ते असलेच पाहिजे. देशभर बसवलेल्या संवेदकांच्या जाळ्यातून वीज कुठे पडली हे ते नकाशावर दाखवते आणि आपल्यापासून २० व ४० किलोमीटरच्या परिघात विजा पडत असतील तर सावध करते. एप्रिल-मेमध्ये दुपारी तीननंतर ढग जमू लागतात, आधी थंड वाऱ्याचा झोत धूळ घेऊन येतो आणि पाठोपाठ गडगडाट. सपाट माळावर सायकलस्वारच सर्वांत उंच असतो, आणि रबरी टायर विजेपासून वाचवतात हा समज साफ खोटा आहे. इशारा ४० किलोमीटरच्या परिघाचा असतानाच गावातल्या पक्क्या इमारतीकडे वळावे. झाडाखाली किंवा पत्र्याच्या उघड्या शेडमध्ये थांबू नये. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास तरी बाहेर पडू नये. ‘मौसम’ मधला पुढील तीन तासांचा तातडीचा अंदाजही अशा दुपारी बरोबरीने पाहावा.

हिवाळ्यासाठी फार लिहिण्यासारखे नाही. पुण्यात एकाच पहाटे शिवाजीनगर आणि मगरपट्टा यांच्या किमान तापमानात चार-पाच अंशांचा फरक पडतो, म्हणून आपल्या मार्गाजवळचे केंद्र निवडावे. निफाडला पारा ६ अंशांवर उतरतो, तेव्हा ताशी २५ किलोमीटरने जाणाऱ्याला तो सुमारे २ अंशांसारखा बोचतो. छातीवर वारा अडवणारा एक थर आणि बोटे झाकणारे हातमोजे एवढ्याने काम भागते.

सेवेत काय हवे आहे, तेही लिहितो. कोकण, मध्य महाराष्ट्र आणि मराठवाडा मुंबईच्या प्रादेशिक केंद्राकडे, तर विदर्भ नागपूरच्या केंद्राकडे आहे. त्यामुळे छत्रपती संभाजीनगरहून अकोल्याकडे लांब पल्ल्याची राइड आखणाऱ्याला दोन केंद्रांची दोन पत्रके जुळवून वाचावी लागतात. मार्ग टाकला की वाटेतल्या सर्व विभागांचे इशारे वेळेनुसार एकत्र दिसतील, अशी सोय ‘मौसम’ मध्ये व्हायला हवी. घाटमाथ्यांसाठी तासवार वारा आणि धुक्यातली दृश्यमानता मिळाली, तर सायकलस्वारांइतकाच दुचाकी आणि एसटीच्या चालकांनाही तिचा उपयोग होईल.

एक व्यावहारिक अडचण उरते. ताम्हिणीसारख्या घाटात मोबाइलला रेंज बऱ्याच ठिकाणी नसते आणि तिथे ही तिन्ही अ‍ॅप नवी माहिती घेऊ शकत नाहीत. म्हणून त्या दिवसाच्या तक्त्याचे चित्र फोनमध्ये जतन करून ठेवावे, पौडला चहासाठी थांबाल तेव्हा ‘दामिनी’ आणि तीन तासांचा अंदाज शेवटचा पाहून घ्यावा, आणि तिथे घाट विभागाची ओळ लाल दिसली तर मुळशीच्या पुढे जाऊ नये.