हाफ इंजिन, फुल इंजिन की कबाडातलं इंजिन? जुन्या डिझेल पिकअपचा निर्णय

आंबिया बहाराची संत्री उतरायला लागली की काटोल-नरखेडकडून नागपूरच्या कळमना बाजारात येणाऱ्या पिकअपना दिवसरात्र उसंत नसते. नेमक्या याच हंगामात जुनी गाडी चढावर दम सोडते, दर दोन खेपांनी ऑइल मागते आणि मिस्त्री बोनेट उघडून सांगतो, "भाऊ, इंजिन कामाले आलं." पुढचा प्रश्न मालकाचा: हाफ करायचं (हेड आणि रिंगांपुरतं काम), फुल करायचं (अख्खं इंजिन खोलून), की कबाड्याकडून जुनं इंजिन आणून बसवायचं?

आमची पिकअप २०११ ची, मेकॅनिकल पंपाची (म्हणजे डिझेलच्या पंपाला इलेक्ट्रॉनिक्स नाही). तिचं इंजिन आम्ही आधी हाफ केलं आणि वर्षाच्या आत फुल करावं लागलं. हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकच्या मधलं पातळ पॅकिंग) दोनदा, पिस्टनच्या रिंगा दोनदा, मजुरी दोनदा, शिवाय दोन्ही वेळा गाडी दारात उभी. तुमच्यावर ती पाळी येऊ नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी इंजिन खरंच गेलंय का ते बघा

काळा धूर आणि कमी झालेली ओढ एवढ्यावरून इंजिन खोलू नका. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. एअर फिल्टर चोंदलेला असतो, सिलिंडरमध्ये डिझेल सोडणारं नोझल फवारा मारायच्या ऐवजी धार सोडतं, टर्बोचा रबरी पाइप फाटलेला असतो किंवा पंपाचं टायमिंग सरकलेलं असतं. जिनिंगच्या भागात फिरणाऱ्या गाडीच्या फिल्टरमध्ये कापसाची तूस बसते, ती नुसत्या फुंकणीने निघत नाही. नोझल काढून पंपवाल्याकडे टेस्टरवर लावायला इंजिन खोलावं लागत नाही. चारही नोझलचा दाब आणि फवारा समोर उभं राहून बघा.

पांढऱ्या धुराचा वास घ्या. डोळ्यांत झोंबला तर ते न जळलेलं डिझेल. वास गोडसर असेल, रेडिएटरचं पाणी कमी होत असेल आणि गार इंजिन सुरू केल्यावर रेडिएटरच्या तोंडात बुडबुडे दिसत असतील, तर हेड गॅस्केट गेलं किंवा हेडला चीर पडली. (गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, हात भाजून निघतो.) निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. तो फक्त सकाळी सेल्फ मारल्यावर क्षणभर दिसत असेल तर व्हॉल्व्हच्या सीलवर संशय घ्या, माल भरून चढावर सतत दिसत असेल तर रिंगांवर. टर्बोची गाडी असेल तर हवेच्या पाइपात ऑइल साचलंय का तेही बघून घ्या, कारण टर्बोचं सील गेलं तरी असाच निळा धूर येतो आणि रिंगांवर फुकट आळ येतो.

मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात जुने मिस्त्री आयडलवर एकेका नोझलच्या पाइपाचं नट जरा सैल करून बघतात. ज्याचं नट सैल केल्यावर आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. हा प्रयोग कॉमन रेलच्या (म्हणजे इलेक्ट्रॉनिक, जास्त दाबाच्या डिझेल यंत्रणेच्या) गाडीवर कधीही करू नका. तिथे पाइपात आयडलवरही शेकडो बार आणि भार आला की हजार बारच्या वर दाब असतो, ती धार कातडी भेदून आत शिरते. माणसाचा हात जाऊ शकतो, जीवही जाऊ शकतो.

एवढं करूनही संशय उरला तर कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन सिलिंडरमधली हवा किती दाबतो ते, मोजा. चांगल्या डिझेल इंजिनात ते साधारण ३५० ते ४५० पीएसआयच्या दरम्यान भरतं. पण आकड्यापेक्षा चार सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. तीन सारखे आणि एक बराच खाली, तर दोष त्या एका जागी आहे. चारही सारखेच उतरलेले, तर इंजिन झिजलंय. कमी भरणाऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर रिंगा किंवा लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी), तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. चमचाभर म्हणजे चमचाभरच, डिझेलमध्ये पिस्टनच्या वर जागा फार थोडी असते आणि जास्त ऑइल ओतलं तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

आमचं चुकलं ते पुढच्या मोजमापात. ऑइलचा दाब आम्ही मोजलाच नाही. डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझतो ना, मग दाब ठीक, असं धरून चाललो. तो दिवा अर्ध्या बारच्या आसपासच विझतो. म्हणजे दाब धोक्याइतका उतरलेला असला तरी दिवा विझलेलाच दिसतो. ऑइल स्विच काढून त्या जागी साधा काट्याचा गेज लावा, गाडी रिंग रोडवर अर्धा तास पळवा आणि इंजिन पूर्ण तापल्यावर आयडलवर बघा. साधारण एक बार तरी हवाच, आणि २००० आरपीएमला तीनच्या आसपास. हाफ की फुल, हे खरं तर हा काटाच ठरवतो.

हाफ इंजिन

हाफमध्ये हेड उतरतं, व्हॉल्व्ह घासून बसवले जातात, हेडचा फेस वाकला असेल तर लेथवर सरळ करतात, पिस्टन काढून रिंगा बदलतात, नवीन गॅस्केट बसतं. क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो खालचा दांडा) जागेवरच राहते. तीन-चार दिवसांचं काम. हंगामात हा पर्याय फार मोहात पाडतो.

एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी, गॅस्केट फुटलेलं, ऑइलचा दाब मात्र भरपूर, अशा गाडीला हाफ अगदी योग्य. तिला फुल करायला लावणारा मिस्त्री तुमचा पैसा वाया घालवतोय. मात्र लायनर मोजल्याशिवाय नवीन रिंगा घालू देऊ नका. लायनरला वरच्या बाजूला नखाला अडेल अशी पायरी पडली असेल तर तिथे नवी रिंग टिकत नाही, आणि महिनाभरात ऑइल खाणं पुन्हा सुरू होतं.

आमच्या गाडीला एका गॅरेजात हाफ करून दिलं. दोन महिने गाडी पळाली, ओढ नव्यासारखी. मग तापल्यावर खालून जड ठोका ऐकू यायला लागला. खालचं ऑइलचं पॅन उतरवून बेअरिंगची कॅप खोलली तेव्हा दुसऱ्या मिस्त्रीने बेअरिंगची पाती माझ्या तळहातावर ठेवली. करडा थर घासून गेला होता आणि मधोमध बोटभर पट्ट्यात लालसर तांबं उघडं पडलं होतं. पॅनच्या तळाला चमकणारी कणी होती. तो म्हणाला, "वरून जोर वाढवला जी, पण झेलणारं खालचं तर तसंच ठेवलं." नव्या रिंगांनी कॉम्प्रेशन वाढलं आणि त्याचा सगळा भार झिजलेल्या बेअरिंगवर आला. ती झीज काही एका दिवसाची नव्हती. ऑइल बदलायला आम्ही वर्षानुवर्षं उशीर करत होतो.

फुल इंजिन

फुलमध्ये ब्लॉक रिकामा होतो. लायनर-पिस्टन नवे, किंवा बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन. क्रँक लेथवर पाव किंवा अर्धा मिलिमीटर घासून त्या मापाची बेअरिंगं. ऑइल पंप, कॅम, टायमिंगचे गिअर तपासले जातात. आमचा खर्च हाफच्या अडीच पटीच्या आसपास गेला आणि गाडी अकरा दिवस उभी राहिली. त्यातले बरेच दिवस लेथवाल्याकडच्या रांगेत गेले.

तापल्यावर ऑइलचा दाब एक बारच्या खाली, खालून ठोका, किंवा चारही सिलिंडर एकसारखे उतरलेले, यातलं एकही असेल तर हाफचा विचार सोडा. फुलमध्ये घाई करू नये अशी एक जागा आहे: हेड गॅस्केटची जाडी. नवे पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतात ते डायल गेजने मोजून त्यानुसार गॅस्केट निवडायचं असतं, काठावरच्या खाचांवरून जाडी ओळखू येते. दुकानातून मिळेल ते गॅस्केट आणून बसवलं तर एक तर पिस्टन व्हॉल्व्हला भिडतो, नाही तर कॉम्प्रेशन कमी राहतं आणि गाडी सकाळी धूर ओकत उठते.

जुने पार्ट परत मागा आणि लेथवाल्याचं बिल मापांसकट घ्या. क्रँक कितीने घासली ते त्यावर लिहिलेलं नसेल तर पुढच्या वेळी बेअरिंग घेताना अंदाजच बांधावा लागतो.

कबाडातलं इंजिन

दोन दिवसांत गाडी रस्त्यावर, हा याचा एकमेव आणि मोठा फायदा. ब्लॉकला चीर पडली असेल किंवा रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला असेल, तर दुसरा मार्गही फारसा उरत नाही.

पण तुम्ही विकत घेता ते कुणाचं तरी अर्धं संपलेलं इंजिन. सुटं पडलेलं इंजिन बघून पैसे देऊ नका. चालू होत असेल तर सुरू करून ऑइल भरायचं झाकण उघडा आणि तोंडावर उलटं नुसतं ठेवा. ते जागच्या जागी थरथरलं तर चालेल, उडून पडलं तर रिंगांमधून वारा खाली उतरतोय.

कागदाचं बघणं यापेक्षाही महत्त्वाचं. इंजिन क्रमांक बदलला की आरटीओकडे नोंद बदलून घ्यावी लागते, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली. गाडी नागपूरच्या कुठल्याही आरटीओची असो, एमएच-३१, ४९ की ४०. इंजिन क्रमांक लिहिलेलं बिल नसेल किंवा क्रमांकाच्या जागी ग्राइंडर फिरवल्यासारखं दिसत असेल, तर कितीही स्वस्त मिळालं तरी परत फिरा. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर फिटनेस दरवर्षी लागतो, म्हणजे दरवर्षी कुणीतरी तो क्रमांक आरसीशी ताडून बघणारच. अपघात झाला तर विमा कंपनीही तेच बघते.

गाडीचं वय किती

पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची फिटनेस आणि नोंदणी नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून बरीच वाढली आहे. गाडी त्या वयाला टेकली असेल, चेसिस गंजलेली असेल, तर फुल इंजिनचा खर्च वसूल व्हायला तेवढी वर्षं तुमच्याकडे उरलीत का, हे आधी बघा. बॉडी-चेसिस धड असेल तर मेकॅनिकल पंपाच्या गाडीवर मी आजही फुलचा खर्च करेन. तिचा पंप गावोगाव उघडता येतो आणि रस्त्यात बंद पडली तर हँड प्रायमर मारून हवा काढता येते.

आपला उन्हाळा

कोणतंही काम करा, मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकल्यावर कूलिंग धड नसेल तर ते पाण्यात गेलं. बोअरचं जड पाणी रेडिएटरमध्ये भरलं की आतून क्षार चढतो. कूलंट अर्धं आणि शुद्ध पाणी अर्धं घाला. रेडिएटरच्या जाळीतली तूस आणि धूळ मागून पुढे हवा मारून काढा. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून फेकण्याची आपल्याकडे पद्धतच पडली आहे, ती सोडा. थर्मोस्टॅट नसला तर हिवाळ्यात इंजिन धड तापतच नाही, डिझेल जास्त जातं आणि लायनर लवकर झिजतात.

फुल केल्यावर पहिले हजार किलोमीटर आम्ही अर्धाच माल भरला. गाडी उभी करून तासन्तास आयडलवर ठेवली नाही, कारण तशाने लायनर गुळगुळीत होतो आणि रिंगा बसत नाहीत. पाचशे किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदलले, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) पुन्हा लावले. मोजण्यासाठी आणलेला तो काट्याचा गेज मात्र काढला नाही, डॅशबोर्डखाली कायमचा बसवून घेतला. सध्या गरम इंजिनवर आयडलला काटा दीडवर असतो. एकच्या खाली गेला की जिथे असशील तिथे गाडी बंद कर आणि फोन लाव, माल दुसऱ्या गाडीत भरू, असं ड्रायव्हरला सांगून ठेवलंय.