आजी-आजोबा आणि पोरांना घेऊन कुठं जायचं: रंकाळा, पन्हाळा की दाजीपूर? सरकारी सवलत कुठं किती कामाला येते

सुट्टी लागली की आमच्या कोल्हापुरात घरोघरी हाच विषय असतो, सगळ्यांनी मिळून एक दिवस बाहेर जायचं, खर्च झेपला पाहिजे, आणि आजी-आजोबांना घरी ठेवून जायचं नाही. आधी सरळ सांगते, आपल्याकडं सरकारची मदत बहुतेक सगळी प्रवासाच्या तिकिटावर आहे, पोचल्यावर जे फिरायचं त्यावर फारशी नाही. त्यामुळं ठिकाण निवडताना मी एकच बघते, एसटी जिथं उतरवते तिथून पुढं किती अंतर राहतं.

तिकिटाचं गणित एकदा नीट बघा. 75 वर्षं पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट 2022 पासून एसटी फुकट, 65 ते 75 ला अर्धं तिकीट, मार्च 2023 पासून सगळ्या बायकांना अर्धं, 5 ते 12 वर्षांच्या मुलांना अर्धं आणि 5 च्या आतल्याला तिकीटच नाही. आता घरात नवरा-बायको, 76 चे सासरे, 70 च्या सासूबाई, आठ वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी असतील तर सहा माणसं आणि तिकीट फक्त अडीच! भाड्याची गाडी करून पन्हाळा गाठायचा खर्च आणि हे अडीच तिकीट शेजारी ठेवा, फरक कळेल. ज्येष्ठांचं आधार कार्ड सोबत घ्या, त्यावर पूर्ण जन्मतारीख छापलीय का ते निघायच्या आधी घरीच बघा, कंडक्टरशी वाद घालत उभं राहायला लागलं तर आजोबांचा मूड तिथंच जातो.

आपण सीमेवर राहतो म्हणून अजून एक गोष्ट, ही सवलत महाराष्ट्राच्या एसटीत आणि राज्याच्या हद्दीपर्यंतच. बेळगावला किंवा गोव्याला निघालात तर सीमेपलीकडचं भाडं पूर्ण पडतं, आणि कर्नाटकच्या लाल बसमध्ये बायकांना फुकट असतं ते तिथल्या रहिवासी बायकांना, आपल्याला नाही. शहरातल्या केएमटीला, म्हणजे महापालिकेच्या सिटी बसलाही 75 वाली फुकट योजना लागू नाही.

शहरातल्या रंकाळा तलावाचं लांबवत नाही. प्रवेश फुकट, केएमटी किंवा रिक्षानं पोचता येतं, संध्याकाळी भेळ, पोरांना पळायला जागा आणि थकलेल्या माणसाला बसायला कट्टा. गुडघे दुखणारं माणूस किंवा व्हीलचेअर सोबत असेल तर पहिली पसंती हीच ठेवा. फक्त पोरांना बाहेरगावी गेल्यासारखं वाटणार नाही आणि ते तोंडावर सांगतात!

पन्हाळा मात्र माझ्या मते या सवलतीचा सगळ्यात चांगला उपयोग आहे. अंतर वीस-बावीस किलोमीटर, मध्यवर्ती बसस्थानकातून बस मिळते आणि ती थेट गडावरच जाते, पायथ्याला उतरून चढायचं नसतं, ही गोष्ट म्हाताऱ्या माणसांसाठी किती मोठी आहे ते बाकीचे गड केलेल्यांना विचारा. 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात जे बारा किल्ले गेले त्यात पन्हाळा आहे. गडावर ठिकाणं लांब लांब आहेत, म्हणून सगळं बघायचा हट्ट नको. आजोबांना अंबरखान्याला न्या, गंगा-यमुना-सरस्वती ही धान्याची कोठारं सपाट जागेवर आहेत, आत शिरल्यावर उन्हातसुद्धा थंडगार लागतं आणि पोरं आवाज घुमवत बसतात. सज्जाकोठीचा जिना अरुंद आहे, तिथं वयस्कर माणसांनी खालीच थांबावं, नातवंडं वर जाऊन येतील. मग तबक उद्यानाच्या सावलीत डबा खायचा किंवा झुणका-भाकर घ्यायची. मधल्या अंतराला रिक्षा ठरवताना भाव आधीच बोलून घ्या, कारण इथं सवलत संपलेली असते. स्वतःची गाडी नेली तर नाक्यावर पावती पडते आणि रविवारी पार्किंगला जीव जातो, त्यापेक्षा बस बरी. जोराच्या पावसात टाळा, जुलै 2021 मध्ये गडावर जाणारा रस्ताच खचला होता.

दाजीपूरला जंगल बघायचंय म्हणून पोरं मागं लागतात आणि ते बरोबरच आहे, गव्यांसाठी 1958 साली राखलेलं हे जंगल, आता राधानगरी अभयारण्य म्हणून 351 चौरस किलोमीटर आहे आणि 2012 पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे. पण कुटुंबाच्या हिशोबात ते अवघड पडतं. कोल्हापुरापासून साधारण 80 किलोमीटर, फोंडा घाटाकडं जाणारी एसटी फाट्यावर सोडेल, अडीच तिकीट इथंही अडीचच, पण पुढं जंगलात फिरायला गाडी लागते आणि तिचं भाडं, प्रवेशाची फी हे सगळं वेगळं. म्हणजे तिकिटात वाचलेलं तिथं जातं. रस्ता खडबडीत आहे, पाठीचा त्रास असलेल्या सासूबाईंना उघड्या जीपमध्ये तासन्‌तास बसवू नका. पावसाळ्यात सफारी बंद असते, तेव्हा राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे आणि राऊतवाडीचा धबधबा एवढंच करून परत फिरता येतं.

घरात कुणी दिव्यांग असेल तर त्यांना एसटीत वेगळी मोठी सवलत आहे, तिच्यासाठी कार्ड आधीच काढून ठेवा. पण तिकीट स्वस्त झालं म्हणून बसची उंच पायरी कमी होत नाही, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात करमणुकीच्या जागासुद्धा सगळ्यांना वापरता याव्यात असं असूनही किल्ल्यांवर रॅम्प शोधायला लागतात. मला वाटतं सरकारनं आता तिकिटाइतकाच पैसा या शेवटच्या किलोमीटरवर घालावा, पन्हाळ्यावर स्टँडवरून अंबरखाना, सज्जाकोठी, तीन दरवाजा अशी फिरणारी एक छोटी बस जरी दिली तरी किती आजी-आजोबा वर येतील!

सरकारी नोकरीत असाल तर रजा प्रवास सवलतीतली महाराष्ट्र दर्शनाची पाळी मात्र एका दिवसाच्या पन्हाळ्यावर घालवू नका, ती लांबच्या ट्रिपला ठेवा.

आमच्यासारखं चार पिढ्यांचं घर असेल तर पन्हाळा, आठवड्यातल्या मधल्या दिवशी, सकाळच्या बसनं. पोरं दहाच्या पुढची आणि सगळे धडधाकट असतील तर दोन-तीन कुटुंबांनी मिळून जीपचं भाडं वाटून घ्या आणि हिवाळ्यात दाजीपूर करा. आणि पन्हाळ्याहून परतीची बस किती वाजता आहे ते उतरल्या उतरल्या स्टँडवरच विचारून ठेवा, संध्याकाळी गर्दी होते आणि आजोबांना उभं राहून यायला लागू नये.