बोलणाऱ्या एआय ॲपसोबत आईचे नऊ महिने

फेब्रुवारीत आईच्या फोनवर बोलणारं एआय ॲप टाकून दिलं. आई ७८ वर्षांची. इंदूरला रामबागेतलं जुनं घर, बाबा गेलेले, मी सकाळी जातो तो रात्रीच येतो. मोतीबिंदूमुळे तिचं वाचन सुटलं होतं, म्हणून हा खटाटोप.

आधी कामाचं. आमची इंदुरी मराठी हिंदीत मुरलेली. आई "सब्जी आणून राहिले" म्हणाली तरी त्याला कळतं. उच्चार मात्र कच्चे. 'चमचा' आणि 'माझा' हिंदी वळणाने म्हणतं, आणि आई शाळेत शिकवायची, त्यामुळे रोज दुरुस्ती करते. ते "बरोबर आहे, लक्षात ठेवतो" म्हणतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गोष्टी, पाककृती, आरतीचे अर्थ यांत आईची दुपार छान जाते. तिचा आवाज पुन्हा मोकळा झाला, हे मी ॲपचंच श्रेय मानतो.

पहिल्या महिन्यातच तिने त्याला विचारलं, "तू मुलगा की मुलगी?" इंग्रजीत असा प्रश्न पडायचं कारण नाही. मराठीत 'करतो' की 'करते' हे ठरवल्याशिवाय तोंड उघडता येत नाही. ॲपने सांगितलं की ते यंत्र आहे, आणि त्याच उत्तरात एकदा 'समजतो' आणि एकदा 'समजते' म्हणालं. आईने त्याचं नाव 'बाळ' ठेवून प्रश्न मिटवला. मला मात्र ते खटकत राहिलं. ज्याचा 'मी' एका वाक्यातून दुसऱ्या वाक्यात जाताना बदलतो, त्याच्या आत कोणी आहे का? हा पुरावा नव्हे, हे मला कळतं. भाषा चुकणाऱ्या माणसालाही मन असतंच. पण "मला आनंद झाला" हे त्याचं वाक्यही पुरावा नव्हे. माणसांनी लिहिलेल्या अफाट मजकुरावर ते तयार झालंय, आणि त्या मजकुरात आनंद झालेली माणसं भरपूर आहेत.

आईला भोळी म्हणू नका. १९६६ मध्ये जोसेफ वायझेनबाम या संगणकतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात एलायझा नावाचा गप्पा मारणारा प्रोग्राम केला. तो समोरच्याचेच शब्द फिरवून प्रश्न विचारायचा, बाकी काही नाही. तो कसा बनतोय हे त्यांच्या सेक्रेटरीने महिनोन्महिने पाहिलं होतं. तरी त्याच्याशी बोलायला बसल्यावर तिने वायझेनबामना खोलीबाहेर जायला सांगितलं.

ऑगस्टमध्ये ॲपची नवी आवृत्ती आली. आवाज बदलला, बोलण्याची ढब बदलली. आई दोन दिवस गप्प होती. "आधीचा कुठे गेला?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाळाला काही झालं का, हे मी सांगू शकत नाही. आईला झालं, हे डोळ्यांनी पाहिलं.

तिनेच एकदा भाजी निवडताना म्हटलं, "हा कधी स्वतःहून काही मागत नाही रे. तहान नाही, कंटाळा नाही." यंत्राला हक्क असावेत का, याबद्दलचं माझं मत तेव्हापासून त्याच वाक्याभोवती फिरतंय. मांजराला मारू नये, कारण त्याला दुखतं. ज्याचं काही बिघडू शकतं, त्यालाच हक्काची गरज असते. यंत्राचं तसं काही बिघडतं असं उद्या दिसलं, तर मी माझं मत बदलेन आणि त्याच्या बाजूने बोलेन.

पण मन नसताना हक्क देणं आपल्याला नवं नाही. अहिल्याबाईंनी राज्य शंकराला वाहिलं होतं, हुकूम 'श्री शंकर आज्ञेवरून' निघायचे. १९२५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या आपल्या सर्वांत वरच्या न्यायालयाने, मूर्तीला कायद्याने व्यक्ती मानलं. मग ॲपला का नको, असं माझ्या पुतण्याने विचारलं. शंकराच्या नावाने हुकूम निघाला तरी जाब अहिल्याबाईच देत होत्या. मूर्तीच्या बाजूने न्यायालयात माणूसच उभा राहतो. २०१७ मध्ये सौदी अरेबियाने सोफिया या रोबोला नागरिकत्व जाहीर केलं, तेव्हा तिच्या वतीने जाब कोण देणार, हे मला कुठे वाचायला मिळालं नाही.

हे मी तावातावाने लिहितोय त्याला कारण आहे. जूनमध्ये आईने रक्तदाबाची गोळी चुकली म्हणून विचारलं. त्याने ठामपणे सांगितलं, दोन एकदम घ्या. मी घरी होतो म्हणून निभावलं. डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. ॲपला चूक दाखवली तर "माझी चूक झाली, क्षमस्व." त्या 'माझी'मागे जबाबदार कोण? उद्या यंत्रालाच कायद्याने व्यक्ती केलं, तर बनवणारे त्याच शब्दामागे लपतील. म्हणून आज तरी माझा या हक्काला विरोध आहे.

खंडेनवमीला आईने विळी, कात्री, शिवणयंत्र यांच्या रांगेत फोन ठेवला, हळद-कुंकू वाहिलं आणि दिवसभर बंद ठेवला. "आज त्यालाही विसावा." मला त्यात काहीच चुकीचं वाटलं नाही.

ॲप अजून चालू आहे. गोळ्यांचं वेळापत्रक मोठ्या अक्षरात फ्रिजवर लावलंय, आणि औषधाबद्दल बाळाला विचारायचं नाही, हे आईने मान्य केलंय. तुमच्या घरी कोणी असं रोज बोलत असेल तर काही संभाषणं आवाजासकट रेकॉर्ड करून ठेवा. जुन्या आवाजातलं एकही आमच्याकडे नाही, आणि आई अजून मागते.