नव्वद टक्क्यांचा कागद

मुलाच्या अपंगत्वाच्या दाखल्यापायी मी फसलो, त्यात पैसे किती गेले ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत आकड्याची वाट बघायला नको. १८,००० रुपये. त्यातले १३,००० रोख, ५,००० फोनवरून. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमच्या गावी माझा लहानसा पसरा आहे, घाटावरचे लोक त्याला किराणा दुकान म्हणतात. त्या हिशेबाने ही रक्कम मोठीच. पण नुसत्या पैशांसाठी मी लिहायला बसलो नसतो.

माझा थोरला मुलगा मतिमंद आहे. आता 'बौद्धिक अक्षमता' म्हणायचं असतं, शाळेतल्या बाई मला दर वेळी दुरुस्त करतात. घरात आम्ही दोन्ही शब्द वापरत नाही, त्याला नावाने हाक मारतो. तो पाच वर्षांचा झाला तेव्हा, २०१९ मध्ये, बांबोळीच्या सरकारी इस्पितळात त्याची रीतसर तपासणी झाली आणि ७५ टक्क्यांचा दाखला मिळाला. हे टक्के कुणी अंदाजाने टाकत नाही. मूल आपल्या हाताने जेवतं का, कपडे घालतं का, ओळखीच्या वाटेने एकटं जातं का, असं आईबापांना विचारत जातात आणि त्यावरून एक गुणांक काढतात. तो ३६ ते ५४ आला तर ७५ टक्के, २१ ते ३५ आला तर ९०. शिवाय मुलांचा हा दाखला कायमचा नसतो. पाचव्या, दहाव्या आणि अठराव्या वर्षी तपासणी, आणि अठराव्या वर्षी मिळालेला मग जन्मभर चालतो. आज हे मला पाठ आहे. तेव्हा मला फक्त '७५' एवढंच वाचता येत होतं.

दाखला आल्यावर 'दयानंद'साठी अर्ज केला. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर यांच्या नावाची ही सामाजिक सुरक्षा योजना. गोव्यात म्हाताऱ्यांना, विधवांना, अपंगांना तिच्यातून महिन्याला पैसे मिळतात. पंधरा वर्षं गोव्यात राहिल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, पासबुक, मामलेदार कचेरीच्या चार-पाच खेपा. कटकट झाली, पण अर्ज मंजूर झाला आणि त्यासाठी कुणाला चहासुद्धा पाजावा लागला नाही. आमच्या वेळी अपंग मुलाला महिना २,५०० रुपये होते आणि अपंगत्व ९० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर ३,५००.

या दोन आकड्यांमधल्या हजार रुपयांवर मला लुबाडणारा माणूस जगतो.

२०२२ चा पावसाळा. वाळपईत झेरॉक्स काढायला उभा होतो. पुढचा माणूस पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, काखेत निळी प्लास्टिकची फाईल. माझ्या हातातला दाखला त्याने वरून वाचला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, पंचाहत्तर कुणी घातले तुम्हांला?" जणू मला आधीच कुणी लुबाडलं होतं आणि ते त्याच्या एकट्याच्या लक्षात आलं होतं. मग त्याने त्याच्या भाचीची गोष्ट सांगितली. तीही 'अशीच'. बहिणीने किती सोसलं, तेव्हापासून तो या मुलांची कामं 'पुण्य म्हणून' करतो, वगैरे. फाईल उघडून दाखवली. पाच-सहा मुलांच्या दाखल्यांच्या प्रती, कोपऱ्यात टाचलेले फोटो. त्या मुलांचे चेहरे बघून माझा विश्वास बसला. आज त्या फाईलमध्ये माझ्या मुलाचाही फोटो आहे आणि तो बघून दुसऱ्या कुणाचा तरी विश्वास बसत असेल, हे डोक्यात आलं की रात्री झोप उडते.

त्या दिवशी त्याने पैशांचं नाव काढलं नाही. तीन दिवसांनी दुकानावर आला. मुलगा गल्ल्याजवळ बसला होता. ह्याने दहाची नोट पुढे केली, बिस्किटाच्या पुड्याकडे बोट दाखवलं. पोराने नोट घेतली, डब्यात टाकली, पुडा उचलून त्याच्या हातात दिला. दहाची नोट त्याला ओळखता येते. शिकवायला आम्हांला दीड वर्ष लागलं. त्या माणसाने पुडा फोडला, एक बिस्कीट त्यालाच दिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "हे साहेबांसमोर करायला देऊ नका."

हिशेब त्याने अगदी सोपा करून सांगितला. खर्च १८,०००. महिन्याला हजार जास्त मिळाले तर दीड वर्षात वसूल, पुढचं सगळं मुलाचं. मी दुकानदार माणूस, हा हिशेब मलाही जमला. आणि खरं सांगायचं तर हे सरळ काम नाही, एवढंही मला त्याच क्षणी कळलं होतं. टक्के वाढवून देतो म्हणणारा माणूस काय करणार ते कुणालाही कळेल. मी मनाला एवढंच समजावलं की सरकारचे पैसे आहेत, कुणाच्या ताटातून काढत नाही. बायकोला मात्र 'पहिल्या वेळी चूक झाली होती, आता नीट तपासणार' असं सांगितलं.

तपासणी म्हापशात एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होती, खाली कापडाचं दुकान. "इस्पितळात गर्दी असते, म्हणून बोर्ड बाहेर बसतो," असं त्याने सांगितलं. अपंगत्व तपासणाऱ्या डॉक्टरांचा हा बोर्ड सरकारी इस्पितळात बसतो, कुणाच्या फ्लॅटमध्ये नाही, हे विचारायला फोन करायचीही गरज नव्हती. येताना मुलाला उपाशी आणा, असंही बजावलं होतं. उपाशी पोर चिडतं, रडतं, मग कुणाला संशय येत नाही. सकाळपासून तो पेज मागत होता. बायकोने दिली नाही. तिला मी सांगितलं होतं की रक्त काढणार आहेत.

टेबलापाशी एक बाई बसली होती, गळ्यात स्टेथोस्कोप. ती विचारत गेली आणि वाटेत पढवल्याप्रमाणे आम्ही सांगत गेलो. आपल्या हाताने जेवतो? नाही. लघवीला सांगतो? नाही. शर्टाची बटणं लावतो? बायको थांबली. त्या उन्हाळ्यातच तो बटणं लावायला शिकला होता. तिनेच शिकवलं होतं, जुन्या उशीच्या अभ्र्यावर मोठी बटणं शिवून. 'बटण' हा शब्द ऐकल्याबरोबर पोराने मान खाली घालून आपलं वरचं बटण काढलं आणि लावून दाखवायला लागला. शाबासकी मिळते ना त्याला. बायकोने त्याचा हात धरून खाली दाबला आणि म्हणाली, "नाही येत." तो माझ्याकडे बघत राहिला.

तीन आठवड्यांनी कागद आला. लॅमिनेशन केलेला, शिक्का, ९० टक्के. जुना मूळ दाखला 'रद्द करायला' त्याने आधीच नेला होता. मध्ये एकदा फोनवर ओटीपी मागितला होता, तोही दिला. त्याचा अर्थ पुढे कळला. अपंगत्वाच्या ओळखपत्राच्या, म्हणजे यूडीआयडीच्या खात्यावर आमचा मोबाईल नंबर होता. तो काढून त्याने स्वतःचा घातला. त्यानंतर सरकारचा कुठलाही संदेश आम्हांला येणं बंद. खरं तर सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवरचा या ओळखपत्राचा अर्ज फुकट असतो, नोंदणी क्रमांक टाकला की अर्ज कुठवर पोचला तेही दिसतं. पण नंबर दुसऱ्याच्या हातात गेला की घराची चावी गेल्यासारखंच.

हजार रुपये काही वाढले नाहीत. आधी म्हणाला एप्रिलपासून. मग बजेट. मग निवडणूक. मी जरा आवाज चढवला तेव्हा तो पहिल्यांदाच शांतपणे बोलला, "भाऊ, खोट्या दाखल्यावर सही कुणाची आहे? कलम ९१ वाचा. दोन वर्षं आत." कलम खरं आहे. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात ते आहे. अपंगांसाठीचा लाभ लबाडीने घेतला किंवा घ्यायचा प्रयत्न केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ज्या कायद्याने माझ्या मुलाला हक्क दिले, तो पूर्ण कायदा मी कधी वाचला नव्हता. त्यातलं हे एकच कलम मला त्याच्या तोंडून कळलं. त्यानंतर तो आणखी ७,००० मागायला लागला, 'प्रकरण मिटवायला'. ते मी दिले नाहीत, हातात नव्हतेच. पण तक्रारही केली नाही. जवळजवळ दोन वर्षं.

त्या काळात मी माणसांना टाळायला लागलो. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पहिला पर्पल फेस्ट झाला, शाळेच्या मुलांबरोबर आम्हीही गेलो. देशभरातली अपंग माणसं तिथे आली होती, गाणी, नाच, व्हीलचेअरवरची तरुण पोरं. बायको हरखून गेली होती. योजनांची माहिती देणाऱ्या टेबलांसमोरून मात्र मी तिला ओढतच पुढे नेलं. कुणी दाखला दाखवा म्हटलं तर?

मुलगा दहा वर्षांचा झाला आणि २०२४ मध्ये दाखल्याची मुदत संपली. पहाटेच्या कदंबा बसने पणजी, तिथून बांबोळी. या वेळी त्याला पोटभर पेज दिली होती. मी ठरवलं होतं की दाखला हरवला म्हणायचं. पण मी तोंड उघडायच्या आत बायकोने पिशवीतून तो लॅमिनेशनवाला कागद काढून डॉक्टरांसमोर ठेवला. तिला बिचारीला तो खराच वाटत होता.

डॉक्टरीण तरुण होती. तिने कागद उलटसुलट केला, त्यावरचा क्रमांक संगणकावर टाकला, मग आमच्या आधार कार्डावरचं नाव पाहिलं. क्रमांक भलत्याच कुणाचा निघाला. माझ्या मुलाच्या नावावर नोंद होती ती २०१९ ची, ७५ टक्के, जशीच्या तशी. म्हणजे त्या माणसाने आमचं काहीही, कुठेही वाढवलं नव्हतं, अर्जसुद्धा केला नव्हता. १८,००० रुपये घेऊन फक्त एक कागद छापला होता. आणि त्या कागदाच्या भीतीने मी दोन वर्षं वाळपईच्या त्या झेरॉक्सच्या दुकानाकडे फिरकलो नव्हतो.

"हे कुणी दिलं?" तिने विचारलं. मी सगळं सांगितलं. बायको शेजारीच होती, तिलाही तेव्हाच कळलं. ती माझ्याकडे बघेना. डॉक्टरीण थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, तक्रार करा, पण आधी याची तपासणी होऊ द्या. आतल्या खोलीत मानसशास्त्रज्ञ बाईंनी तेच प्रश्न पुन्हा विचारले. जेवतो? बटणं लावतो? या वेळी बायको कोकणीतच बोलली, मोठ्याने, प्रत्येक प्रश्नाला: "येता. ताका येता." दहाची नोट ओळखतो हेही तिने न विचारता सांगितलं. गुणांक पुन्हा त्याच टप्प्यात बसला. ७५ टक्के. परतीच्या बसमध्ये ती साखळीपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तिचा राग पैशांवर नव्हता, उपाशी ठेवलेल्या सकाळीवर होता, आणि तो अजून आहे.

पुढचं थोडक्यात. पोलिसांत लेखी तक्रार दिली आणि त्यात माझी चूकही लिहिली. न लिहिता दिली असती तर तो माणूस तेवढीच दोरी पुन्हा ओढत बसला असता. फोनवरून गेलेल्या ५,००० साठी १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन केला. तिथे पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे वाटेतच अडवता येतात. आम्ही दोन वर्षांनी कळवलं. ज्या नंबरवर पैसे पाठवले होते तो भलत्याच माणसाच्या नावावर आणि कधीचाच बंद. रोख दिलेल्या १३,००० चा तर कागदच नाही. यूडीआयडीवर आता बायकोचा नंबर आहे आणि ओटीपी ती मलासुद्धा सांगत नाही.

शाळेच्या पालकसभेत मी हे उठून सांगितलं तेव्हा दोन घरं नंतर बाजूला येऊन बोलली. एकीकडून 'निरामय'साठी साडेतीन हजार घेतले होते. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या या आरोग्य विम्याची नोंदणी फी दारिद्र्यरेषेखाली २५० आणि वर ५०० रुपये असते आणि मुलाला वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण मिळतं. त्या बाईचा विमा उतरवलाच नव्हता. दुसऱ्या घराने काय केलं ते त्यांनी मला सांगितलं नाही, फक्त विचारलं, "तुम्हांला आत टाकलं नाही ना?" मी नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा मोकळा झाला. माझा जबाब झाला, कागद जप्त झाला, चौकशी चालू आहे. दयानंदचे पैसे थांबले नाहीत, कारण तिथे आमचा ९० टक्क्यांचा कागद कधी पोचलाच नव्हता.

त्या माणसाने मला सांगितलेलं नाव खोटं निघालं, तेव्हा ते लिहून उपयोग नाही. तुम्हांला भेटला तर वेगळंच नाव सांगेल, तालुकाही वेगळा असेल, फाईलही निळी नसेल. पण भाचीची गोष्ट सांगितली, आणि मुलाला उपाशी आणा म्हणाला, तर तो तोच.