सवयी लावणारी पुस्तकं: गोळीला उपयोगी, लिहिण्याला नाही

गेल्या दोनेक वर्षांत सवयींवरची तीन-चार पुस्तकं वाचून झाली, जेम्स क्लिअरचं ॲटॉमिक हॅबिट्स तर दोनदा वाचलं, म्हणून आता लिहितोय.

आधी हे सांगतो की फायदा झालाय, खरंच झालाय. मला बीपीची गोळी रोज सकाळी घ्यायची असते आणि आठवड्यातून दोनदा तरी ती राहायचीच, अलार्म लावला तर तो बंद करून परत झोपायचो. नवी गोष्ट जुन्या सवयीला जोडून द्या असं पुस्तकात वाचलं आणि गोळ्यांची स्ट्रिप टूथब्रशशेजारी ठेवायला लागलो. ब्रश झाला की गोळी, बस्स. आता आठवण ठेवावीच लागत नाही. टायनी हॅबिट्स लिहिणारा बी. जे. फॉग तर म्हणतो सुरुवातीला एकच दात फ्लॉस करा, म्हणजे दोऱ्याने त्याची फट साफ करा, वाचताना पोरकट वाटतं पण काम इतकं छोटं असलं की टाळायला कारणच सापडत नाही. रात्री फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावतो तेही इथूनच शिकलो, मनाशी भांडत बसण्यापेक्षा वस्तूची जागा बदलणं कितीतरी सोपं.

आता राग कशाचा येतो ते. ते 21 दिवस! मूळ गोष्ट अशी की मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनने 1960 मध्ये लिहिलं होतं की पेशंटला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी 21 दिवस लागतात, त्यातलं 'कमीत कमी' कुठे गळून पडलं कोण जाणे आणि कुठलीही सवय 21 दिवसांत लागते असं होऊन बसलं. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी 96 लोकांवर अभ्यास केला, तो 2010 मध्ये छापून आला, त्यात सरासरी निघाली 66 दिवस, आणि कुणाला 18 तर कुणाला 254 लागतील इतका फरक. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही हेही त्यातच आहे. मी संध्याकाळचं चालणं चौथ्या आठवड्यात सोडून दिलं होतं, महिना होत आला तरी जीवावर येतंय म्हणजे आपल्यातच काहीतरी कमी आहे असं समजून. हा आकडा तेव्हा माहीत असता तर सोडलं नसतं.

रोज 1 टक्का सुधारा म्हणजे वर्षात 37 पट व्हाल, हेही तसंच. गणित बरोबर आहे पण माणूस काही चक्रवाढ व्याजाने वाढत नाही.

पण मला सगळ्यात जास्त खटकलं ते वेगळंच. गोळी घेणं आणि लिहायला बसणं यांना ही पुस्तकं एकाच मापाने मोजतात. सवय म्हणजे विचार न करता होणारी गोष्ट ना, मग ज्या कामाला विचारच लागतो ते सवयीने कसं होणार? रात्री नऊला टेबलाशी जाऊन बसायची सवय मला लागली, पुस्तकाचं श्रेय, मान्य. पण त्यानंतर समोर कोरं पान असतं, पहिलं वाक्य सुचत नाही, लिहिलेलं खोडावंसं वाटतं, त्या अर्ध्या तासाबद्दल पुस्तकात मला काहीच मिळालं नाही.

आणि घरात आजारपण आलं की ठरलेली वेळ, ठरलेली जागा दोन्ही जातात. सलग दोनदा चुकवू नका हा सल्ला चांगला आहे हो, पण माझे अडीच महिने गेले, तिथून परत कसं उभं राहायचं?

घ्यायचं की नाही विचाराल तर एकच घ्या, चार नकोत, कारण दुसऱ्यापासून तेच मुद्दे नव्या गोष्टी लावून येतात. गोळ्या, पाणी, चालणं, लवकर झोपणं यासाठी नक्की घ्या. चित्रकला, लेखन, अभ्यास असं काही असेल तर टेबलापर्यंत पोचायला एवढं एक पुरे, पुढे त्या त्या विषयाचं पुस्तक किंवा शिकवणारं माणूस शोधा, मी सध्या तेच करतोय.