डॉक्टरबाईंना पैकीच्या पैकी, काउंटरला शून्य

या क्लिनिकला तीन स्टार देतेय, आणि तिन्ही डॉक्टरबाईंचे आहेत.

मी ठाण्याच्या पाचपाखाडीत ब्लाउज शिवते, 22 वर्षं झाली. दिवसभर दुसऱ्यांच्या कमरा मोजणारी मी, स्वतःची कधी मोजली नव्हती. साखर काठावर आली तेव्हा शेजारच्या वहिनींनी या वजनाच्या क्लिनिकमध्ये पाठवलं.

बाईंनी टेप काढला आणि माझं लक्ष तिथेच. आम्ही परकराची नाडी येते तिथे मोजतो. त्यांनी शेवटची बरगडी चाचपली, मग खाली कमरेचं हाड, आणि बरोबर मधोमध टेप धरला, श्वास सोडायला लावून. 88 सेंटिमीटर, म्हणजे साडेचौतीस इंच. आपल्याकडच्या बायकांना 80 च्या आत हवी म्हणे. मी म्हटलं, "मॅडम, माझं वजन 58 किलो. मी कुठे जाडी?" त्यांनी मोबाइलवर 2004 सालचा एक फोटो दाखवला. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन शेजारी शेजारी. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, 22.3. चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांची 21.2. मी गप्प झाले.

मग त्यांनी पॅडच्या मागे एक मोठा गोल काढला. ही चरबीची पेशी. फुगता फुगता एक वेळ अशी येते की ती मरते. ब्लाउजच्या आतलं सोडलेलं कापड संपलं की शिवण उसवते, तसंच, हे मी मनात म्हटलं. गोलाभोवती त्यांनी ठिपके काढले. मॅक्रोफेज, शरीरातल्या सफाईवाल्या पेशी. मेलेल्या पेशीला घेरून बसतात. शास्त्रज्ञ त्याला मुकुट म्हणतात, मला गळ्याला लावलेली मोत्यांची लेस दिसली. बारीक माणसाच्या चरबीत शंभर पेशींमागे या दहासुद्धा नसतात, लठ्ठ माणसात चाळीसच्या घरात जातात. हे 2003 मध्ये अमेरिकेत कळलं. त्या टीएनएफ, आयएल-6 अशी रसायनं सोडतात, ती इन्सुलिनच्या कामात खोडा घालतात. आयएल-6 यकृतात पोचलं की यकृत सीआरपी नावाचं प्रथिन बनवतं, आणि ही आतली सूज किती हे बघायला तेच रक्तात मोजतात.

"सूज आहे तर दुखत का नाही?" मी विचारलं. "दाढेची सूज आठवडाभर ओरडते आणि जाते. ही वर्षानुवर्षं आतल्या आत धुमसते."

दाढेचं उदाहरण त्यांनी उगाच दिलं नव्हतं. रक्त तपासायला दिलं त्या दिवशी माझी उजवी दाढ टम्म सुजलेली होती. काउंटरवर कुणी एका शब्दाने विचारलं नाही. सीआरपीचा रिपोर्ट आला 14. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी बाईंचा पहिलाच प्रश्न, "ताप, सर्दी, दात, काही होतं का?" 10 च्या वर गेलं की आधी दुसरा संसर्ग बघायचा असतो, बरं वाटल्यावर पुन्हा तपासायचं. तपासलं, 3.6 आलं. 3 च्या वर म्हणजे जास्तच, पण 14 नव्हे. आणि सूज चरबीतली की आणखी कुठली, हे एकटी ही टेस्ट सांगत नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

दुसऱ्या टेस्टचे 650 रुपये मात्र माझ्याकडूनच घेतले. "टेस्ट तर झाली ना, ताई." गिऱ्हाईक स्वेटर घालून आलं तर मी आधी तो काढायला सांगते, मगच माप घेते. तेवढं विचारायला काय जातं? वर 1,800 रुपयांचा 'सूज उतरवणारा' पावडरचा डबा पुढे केला. बाईंच्या चिठ्ठीत तो नव्हता. मी परत आत जाऊन विचारलं, त्यांनी नुसती मान हलवली. घेऊ नका.

चिठ्ठीत होतं ते असं: रोज कचराळी तलावाला फेऱ्या, आठवड्यातून दोनदा वजनं उचलायची, रात्रीचा भात निम्मा. चार महिन्यांत वजन 54, कंबर 83, सीआरपी 2.1.

पुढची तारीख मी दिवाळीनंतरची घेतलीय, त्याआधी ब्लाउजांच्या ढिगातून मान वर काढता येत नाही. पार्किंग नाही, रिक्षाने जा.