चिकट सापळे, खोडपट्टी आणि दहापट भिंग: द्राक्षबागेत एक हंगाम वापरून झाल्यावर

ऑक्टोबरच्या फळछाटणीपासून मार्चच्या काढणीपर्यंत उत्तर सोलापुरातल्या एक एकर मांडवावर हे तिन्ही वापरून झालंय. कीड मारायला म्हणून सापळे घेणार असाल तर पैसे वाचवा. ती बागेत कधी शिरली हे वेळेत कळतं, तेवढंच त्यांचं काम.

दुकानात 'थ्रिप्सला (फुलकिड्यांना) निळाच सापळा' असं ठोकून सांगतात. पण द्राक्षावर आणि मिरचीवर येणारा फुलकिडा, स्किर्टोथ्रिप्स डॉर्सालिस, पिवळ्याकडे जास्त ओढला जातो. एकाच ओळीत दोन्ही रंग टांगले की फरक डोळ्यांनी दिसतो. पोंगे (छाटणीनंतरचे कोवळे कोंब) फुटताच घडांच्या उंचीला लावा, एकरी 12 ते 15 पुरतात. फुलोरा ते मणी धरणं या काळात दर तीन दिवसांनी बघाच, कारण तेव्हा खरवडलेला मणी फुगताना करडा चट्टा घेऊनच फुगतो आणि त्यावर कुठलंच औषध चालत नाही. सापळ्यावर चार फुलकिडे दिसले म्हणून लगेच पंप जोडू नका. शेंडा पांढऱ्या कागदावर झटका. पिवळसर, सुईच्या टोकाएवढी पिल्लं पळताना दिसली तर प्रकरण खरं. पिल्लांना पंख नसतात, त्यामुळे ती सापळ्यावर येतच नाहीत.

आता तक्रार. पाकिटावर दीड महिना लिहिलंय, पण रस्त्याकडेच्या ओळींत दहा-बारा दिवसांत धुळीचा थर बसतो आणि सापळ्याचा नुसता पुठ्ठा उरतो. फेब्रुवारीच्या उन्हात डिंक ओघळून खालच्या कडेला जमतो. सापळ्यावरचा कागद सकाळी गारव्यात सोला. हाताला चिकटलेलं खोबरेल तेलाने निघतं, साबणाने नाही.

पैसे खरे वसूल झाले ते खोडपट्टीत. पिठ्या ढेकणाची पिल्लं खोडावरून वर चढतात, आणि त्यांच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात. मुंग्या अडल्या की मित्रकीटकांना, म्हणजे कीड खाणाऱ्या किड्यांना, रान मोकळं. आधी सुटी साल काढा, नाहीतर मुंग्या सालीखालून जातात. दीड फुटावर प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळा आणि डिंक तिच्यावर लावा, थेट खोडाला नको. एवढं करूनही मुंग्या वर दिसल्या तर मांडवाचे लोखंडी अँगल आणि तारेला बांधलेली ठिबकची नळी बघा. खोड बंद केलं की त्या तिथूनच जातात. अँगललाही पट्टी लागते. हे कुणी सांगत नाही आणि मग 'डिंक बोगस' म्हणतात.

पिठ्या ढेकूण खाणारे क्रिप्टोलिमस भुंगेरे एकरी 2,000 च्या आसपास सोडले तर त्या ओळींतले पिवळे सापळे काढा, ते मित्रांनाही धरतात. भुंगेऱ्याची अळी पांढरी, कापूस चिकटल्यासारखी, अगदी पिठ्या ढेकणासारखीच दिसते. मात्र ती आकाराने मोठी, तंतू लांब आणि चाल झपझप. मजुरांना ही ओळख आधी करून द्या, नाहीतर तिलाच चिरडतात.

छाटणीनंतर डोळे कुरतडणाऱ्या उडद्यासाठी सापळ्याचा उपयोग शून्य.

लाल कोळीलाही पंख नाहीत, तिथे भिंगच कामाचं. जानेवारी सरली की आठवड्यातून एकदा धुळीच्या कडेची आणि मधली मिळून वीसेक पानं उलटा. शिरांलगत बारीक जाळी, वरून पिवळट ठिपके. वाढ बहुतेक आपणच ओढवून घेतलेली असते, कारण सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकांच्या फवारणीने कोळी खाणारे कोळी आधी मरतात. पाण्यात विरघळणारं गंधक 80 टक्के, लिटरला 2 ग्रॅम, चालतं. पण पारा 35 च्या पुढे असताना मारलं तर पानं करपतात, आणि मण्यात पाणी उतरल्यावर (मणी मऊ पडू लागल्यावर) मारलं तर पांढरे डाग घडावरच राहतात. त्यामुळे पाणी उतरण्याआधीच, सकाळी लवकर आणि पानाच्या खालच्या बाजूने मारा.

पुढच्या हंगामाला निळे सापळे बंद, पिवळे निम्मे आणि डिंकाचा डबा मोठा.